जुन्या मोटारसायकलच्या सांगाड्याची तपासणी

जुन्या मोटारसायकलच्या सांगाड्याची तपासणी म्हणजे वापरलेली मोटारसायकल विकत घेण्यापूर्वी तिचा सांगाडा एखाद्या अपघातात वाकला, पिळला किंवा तडकला आहे काय, हे ठरवण्याची प्रक्रिया होय. सांगाड्याला बोलीभाषेत फ्रेम किंवा चासी असे म्हणतात. हेडलॅम्प, मडगार्ड, हँडल, टाकी इत्यादी भाग बदलता येतात आणि ते नवे दिसतात. परंतु ते सर्व ज्यावर बसवलेले असतात तो सांगाडा बहुधा तोच राहतो. त्यामुळे वरून नव्यासारखी दिसणारी मोटारसायकल आतून सदोष असू शकते.

या तपासणीत नजरेने पाहणी, साध्या साधनांनी मोजमाप, चालवून पाहणे आणि कागदपत्रांची पडताळणी असे चार टप्पे असतात. कोणतेही एक लक्षण सहसा निर्णायक मानले जात नाही. परस्परांशी संबंध नसलेली अनेक लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवू लागली, की सांगाड्याला इजा झाल्याचा निष्कर्ष काढला जातो.

== सांगाडा आणि वाहनाची भूमिती ==

सांगाडा इंजिन, चाके व चालक यांचा भार पेलतो. त्याचबरोबर दोन्ही चाकांचे परस्परांशी असलेले स्थान तो निश्चित करतो. हँडलाचा दांडा ज्या आखूड, जाड नळीत फिरतो तिला शीर्षनळी म्हणता येईल. ही नळी उभ्या रेषेशी काहीशी कललेली असते व या कोनाला रेक असे म्हणतात. शीर्षनळीची रेषा पुढे वाढवली असता ती जमिनीला ज्या बिंदूत मिळते, तो बिंदू आणि पुढचे टायर जमिनीला टेकते तो बिंदू यांमधील अंतराला ट्रेल म्हणतात. हे अंतर हँडलाला आपोआप सरळ राहण्याची प्रवृत्ती देते.

सांगाड्यातील थोडा बदलही ट्रेलवर मोठा परिणाम करतो. उदाहरणार्थ, पुढच्या चाकाची त्रिज्या ३०० मिमी, रेक २६ अंश आणि चाकाचा आस शीर्षनळीच्या रेषेपासून ४० मिमी पुढे असल्यास ट्रेल सुमारे १०२ मिमी येतो. समोरच्या धडकेने शीर्षनळी केवळ २ अंशांनी मागे दाबली गेली, तर तोच ट्रेल सुमारे ९० मिमी होतो. शीर्षनळीपासून आसापर्यंतचे अंतर ६०० मिमी धरल्यास चाकही सुमारे २१ मिमी मागे सरकते. २ अंशांचा हा फरक उघड्या डोळ्यांना जाणवणे कठीण असते. परंतु हँडल हलके व चंचल होणे, वेगात वाहन डोलणे आणि जोराने ब्रेक लावल्यावर ते अस्थिर होणे असे त्याचे परिणाम दिसू शकतात.

== सांगाड्यांचे प्रकार ==

तपासणीत कोठे पाहावे हे सांगाड्याच्या प्रकारावर अवलंबून असते.

* क्रेडल सांगाडा : शीर्षनळीपासून एक किंवा दोन नळ्या इंजिनाच्या पुढून खाली उतरतात व इंजिनाला पाळण्याप्रमाणे खालून आधार देतात. हिरो स्प्लेंडर व रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी मोटारसायकली या प्रकारच्या आहेत. यात पुढच्या उतरत्या नळीचा वरचा भाग सर्वप्रथम पाहतात.
* डायमंड सांगाडा : यात खालचा पाळणा नसतो व इंजिन हाच सांगाड्याचा भार वाहणारा भाग असतो. त्यामुळे धडकेचा ताण इंजिनाच्या बोल्टांवर आणि बाह्य कवचावर येतो. तेथील चिरा महत्त्वाच्या ठरतात.
* ट्रेलिस सांगाडा : आखूड नळ्या त्रिकोणी रचनेत वेल्डिंगने जोडलेल्या असतात. केटीएम ड्यूक हे त्याचे परिचित उदाहरण होय. यात प्रत्येक सांधा स्वतंत्रपणे पाहावा लागतो.
* पेरिमीटर सांगाडा : शीर्षनळीपासून दोन रुंद बाजू इंजिनाला वळसा घालून मागे जातात. बजाज पल्सर २०० एनएस आणि यामाहा आर १५ यांचे सांगाडे या वर्गात मोडतात.

== अपघातातील हानीचे स्वरूप ==

समोरून धडक बसल्यास पुढचे चाक मागे ढकलले जाते. पुढचे शॉकअप या वेळी लांब तरफेसारखे काम करतात व सर्व ताण शीर्षनळीच्या सांध्यावर केंद्रित होतो. म्हणून समोरच्या धडकेत आधी रिम व शॉकअप, नंतर शॉकअप धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि शेवटी शीर्षनळीलगतचा सांगाडा अशा क्रमाने हानी वाढत जाण्याचा संभव असतो.

तिरकी धडक बसल्यास शीर्षनळी एका बाजूला पिळली जाते आणि दोन्ही चाके एका प्रतलात राहत नाहीत. वाहन बाजूवर पडून घसरत गेल्यास फूटरेस्ट, सायलेन्सर व लेगगार्ड आधी रस्त्याला लागतात. लेगगार्ड अनेक वाहनांत सांगाड्याच्या उतरत्या नळीलाच बसवलेला असल्यामुळे, तो जोराने आदळल्यास धक्का थेट नळीपर्यंत पोहोचतो. मागून बसलेल्या धडकेत आसनाखालचा भाग, मागचा चिमटा (दोन भुजांचा, मागचे चाक धरणारा भाग) आणि त्याचा खिळीचा सांधा यांना इजा होते.

अपघात न होताही सांगाड्याची हानी होऊ शकते. दुधाचे कॅन किंवा गॅस सिलिंडर वाहून नेण्यासाठी मागे लोखंडी चौकटी बसवलेल्या मोटारसायकलींत सततच्या जादा भाराने आसनाखालच्या नळ्या वाकतात किंवा त्यांचे सांधे तडकतात. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशात नळ्या आतून गंजून कमकुवत होऊ शकतात.

== तपासणीची पद्धत ==

=== पूर्वतयारी ===

तपासणी दिवसाउजेडी, सपाट जागेवर आणि वाहन धुतलेले व कोरडे असताना केली जाते. संध्याकाळी, पावसात किंवा दिव्याखाली रंगातील फरक व सूक्ष्म चिरा दिसत नाहीत. टॉर्च, लहान आरसा, मोजपट्टी, जाड सूत व लोहचुंबक एवढी साधने प्राथमिक तपासणीस पुरतात. आसन व बाजूची झाकणे काढण्यास, आणि शक्य असल्यास टाकी उचलण्यास, विक्रेत्याची परवानगी घेतली जाते. कारण शीर्षनळीमागचा मुख्य सांधा टाकीखाली झाकलेला असतो.

=== शीर्षनळी व तिच्या लगतचा भाग ===

या भागात पुढील लक्षणे शोधली जातात.

* शीर्षनळीच्या मागे किंवा खाली, नळीच्या पृष्ठभागावर आलेली सुरकुती अथवा फुगवटा. नळी वाकताना आतल्या बाजूचा पत्रा चुरगळतो; हे चिन्ह रंगाखालीही बोटाला जाणवते.
* वेल्डिंगच्या कडेने रंगाला गेलेली केसासारखी चीर व तीतून झिरपणारी गंजाची रेघ.
* हँडलाचे वळण थांबवणाऱ्या छोट्या खुंट्या वाकलेल्या, तुटलेल्या किंवा नव्याने जोडलेल्या असणे. हँडल दोन्ही बाजूंना सारखेच वळले पाहिजे.
* टाकीच्या पुढच्या कोपऱ्यांवर हँडल आदळून पडलेले पोचे. धडकेत हँडल त्याच्या मर्यादेपलीकडे फिरल्याचा हा पुरावा असतो.

पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश फिरवले असता ते मध्यभागी अडखळत असेल, तर शीर्षनळीतील बेअरिंगच्या वाट्यांना खाचा पडलेल्या असतात. दीर्घकाळाच्या वापरानेही असे होते. म्हणून हे लक्षण एकटे पुरेसे नसते.

=== पुढचे शॉकअप ===

शॉकअपच्या नळ्या बाजूने व समोरून पाहिल्या जातात. त्या परस्परांना समांतर आणि सरळ असाव्या लागतात. नळीला सरळ पट्टी लावल्यास बाक ध्यानात येतो. ब्रेक धरून वाहन पुढे दाबले असता शॉकअप अडखळत खाली जात असतील, किंवा एकाच बाजूचे सील वारंवार गळत असेल, तर नळी वाकल्याचा संशय घेतला जातो. पुढचे चाक आणि इंजिन यांतील अंतर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मोटारसायकलीशी ताडून पाहणे उपयुक्त ठरते.

=== सूत धरून चाकांची रेषा पाहणे ===

चाके एका रेषेत आहेत काय, हे पाहण्याची ही जुनी व विश्वासार्ह पद्धत आहे. मोटारसायकल मधल्या स्टँडवर उभी केली जाते. प्रथम मागचे चाक सरळ बसले आहे याची खात्री करतात. त्यासाठी चिमट्यावरील खुणांवर विसंबून न राहता चिमट्याच्या सांध्यापासून आसापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले जाते.

त्यानंतर मागच्या टायरला पाठीमागून सूत वेढून त्याची दोन्ही टोके पुढच्या चाकाच्या पुढे नेली जातात. सूत जमिनीपासून सर्वत्र सारख्या उंचीवर असावे आणि मागच्या टायरला त्याच्या मागच्या व पुढच्या कडांवर केवळ स्पर्श करत पुढे जावे. हँडल सरळ धरल्यावर पुढच्या टायरची दोन्ही बाजूंच्या सुतांपासूनची अंतरे सारखी आली पाहिजेत. ती एका बाजूला जास्त असल्यास चाके एका रेषेत नाहीत. काही मॉडेलांत मागचे चाक मुळातच काही मिलिमीटर बाजूला बसवलेले असते; म्हणून निष्कर्षापूर्वी उत्पादकाची माहिती पाहिली जाते.

सूत चाकांची रेषा दाखवते, पीळ नव्हे. पिळासाठी मागे दूर उभे राहून दोन्ही चाके डोळ्याच्या रेषेत पाहतात किंवा प्रत्येक चाकाजवळ ओळंबा सोडतात. मागचे चाक उभे असताना पुढचे चाक कललेले दिसल्यास सांगाडा किंवा शॉकअप पिळलेले असतात. हलक्या पडझडीत शॉकअप केवळ आपल्या पकडीत फिरलेले असू शकतात. पकडीचे बोल्ट सैल करून ते पुन्हा सरळ बसवल्यावर दोष गेला, तर सांगाड्याला धक्का लागलेला नसतो.

=== रंग, वेल्डिंग व बोल्ट ===

कारखान्यातील वेल्डिंग साधारणतः एकसारखे असते व डाव्या-उजव्या बाजूंचे सांधे परस्परांसारखे दिसतात. एकाच बाजूला जाड, ओबडधोबड किंवा ग्राइंडरने घासलेला सांधा असल्यास तो नंतर केलेला असतो. वायरिंग, रबर व बोल्टांच्या डोक्यांवर उडालेला रंग सांगाडा बसवलेल्या अवस्थेतच रंगवल्याचे दाखवतो. पोलादी नळीवर लोहचुंबक एखाद्या जागी कमी चिकटल्यास तेथे लांबी भरलेली असण्याची शक्यता असते. ॲल्युमिनिअमच्या सांगाड्यास ही चाचणी लागू पडत नाही.

इंजिन बसवण्याचे बोल्ट हाही बोलका पुरावा असतो. सरळ सांगाड्यात बोल्ट सैल केल्यावर सहजपणे बाहेर सरकतो. सांगाडा वाकला असल्यास छिद्रे समोरासमोर राहत नाहीत व बोल्ट ठोकून काढावा लागतो. ही चाचणी गॅरेजमध्ये आणि इंजिनाला खालून आधार देऊनच केली जाते.

=== चालवून पाहणे ===

सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ३० ते ४० किमी वेगाने हँडलावरची पकड हलकी केली असता वाहन सरळ गेले पाहिजे. हात पूर्णपणे सोडणे धोक्याचे असून तसे करण्याची आवश्यकताही नसते. सरळ जाताना हँडल एका बाजूला वळलेले राहणे, डावे व उजवे वळण घेताना वेगवेगळा प्रतिसाद मिळणे आणि ब्रेक लावताना वाहन बाजूला ओढले जाणे ही संशयास्पद लक्षणे होत. रस्त्याचा उतार, टायरमधील कमी हवा, असमान झीज व सैल बेअरिंग यांमुळेही हे घडू शकते. म्हणून ही कारणे आधी दूर करून वाहन पुन्हा चालवले जाते.

=== यंत्राद्वारे मोजणी ===

अंतिम खात्री मोजणीनेच होते. उघडा सांगाडा जिग नावाच्या साच्यावर बसवून, किंवा लेसरच्या साहाय्याने, त्याचे मुख्य बिंदू उत्पादकाने दिलेल्या मापांशी ताडले जातात. सूक्ष्म चिरा शोधण्यासाठी रंगीत द्रव झिरपवण्याची चाचणी वापरतात. पोलादी भागांसाठी चुंबकीय कणांची चाचणीही उपलब्ध असते. खर्चामुळे या पद्धती प्रामुख्याने महागड्या मोटारसायकलींसाठी वापरल्या जातात.

== फसवी लक्षणे ==

ओरखडलेला सायलेन्सर, वाकलेला ब्रेकचा दांडा किंवा घासलेले हँडलाचे टोक उभे वाहन पडल्यामुळेही दिसू शकते. त्यावरून सांगाडा सदोष ठरत नाही. किनारी भागात केवळ गंज रोखण्यासाठी सांगाडा पुन्हा रंगवला जातो. याउलट, सर्व बाह्य भाग नवे व निर्दोष असणे हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. जुन्या मोटारसायकलीत हेडलॅम्प, पुढचे मडगार्ड, रिम आणि शॉकअप हे चारही भाग एकाच वेळी बदललेले आढळल्यास समोरच्या धडकेची शक्यता विचारात घ्यावी लागते.

== चासी क्रमांक व कागदपत्रे ==

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारसायकलींचा चासी क्रमांक १७ अक्षरांचा व अंकांचा असतो. त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत; कारण ती १ व ० या अंकांसारखी दिसतात. हा क्रमांक बहुतेक मोटारसायकलींत शीर्षनळीवर किंवा तिच्या जवळ कोरलेला असतो, म्हणजे अपघातात सर्वाधिक ताण येणाऱ्या ठिकाणीच. त्यामुळे तेथील दुरुस्तीच्या खुणा क्रमांकाभोवतीही उमटतात. अक्षरांची असमान खोली, वाकडी ओळ, घासलेला पृष्ठभाग किंवा केवळ तेवढ्याच भागावरचा ताजा रंग आढळल्यास सांगाडा बदललेला असण्याची, किंवा वाहन चोरीचे असण्याचीही, शक्यता असते. क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी एकेक अक्षर लावून पडताळला जातो.

केंद्र शासनाच्या 'वाहन' प्रणालीतून नोंदणीचा दिनांक, विम्याची मुदत व कर्जाचा बोजा इत्यादी माहिती मिळते. अपघाताचा इतिहास मात्र तीत दिसत नाही. युनायटेड किंग्डममध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून विमा कंपन्या अपघातग्रस्त वाहनांची वर्गवारी करताना रचनात्मक हानीसाठी 'एस' आणि अन्य हानीसाठी 'एन' ही श्रेणी वापरतात. भारतातील नोंदणी प्रमाणपत्रावर अशी श्रेणी नसते.

विम्याच्या कागदांवरून अप्रत्यक्ष माहिती मिळते. स्वतःच्या वाहनाच्या हानीचा दावा न केल्यास नूतनीकरणाच्या वेळी विमा हप्त्यात २० टक्क्यांपासून वाढत जाऊन ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. दावा केल्यास ती शून्यावर येते. एकाच मालकाकडे, खंड न पडता विमा उतरवलेल्या चार-पाच वर्षांच्या मोटारसायकलीवर ही सवलत शून्य असल्यास, दावा कशासाठी केला होता हे विचारणे योग्य ठरते. केवळ त्रयस्थ व्यक्तींसाठीचा विमा असलेल्या वाहनांस ही कसोटी लागू होत नाही.

== भारतातील कायदेशीर बाजू ==

भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ नुसार वस्तूतील दोषाबाबत केवळ मौन बाळगणे ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. कायद्यातच घोड्याच्या विक्रीचे उदाहरण दिले आहे : घोडा सदोष असल्याचे विक्रेत्याने लिलावात सांगितले नाही, तर ती फसवणूक नव्हे, परंतु 'तुम्ही नाकारले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन' असे खरेदीदाराने म्हटल्यावर विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. कलम १९ मधील अपवादानुसार, फसवे मौन किंवा चुकीचे कथन यांमुळे करारास संमती दिली गेली असली, तरी सामान्य दक्षता घेऊन सत्य शोधण्याचे साधन खरेदीदाराजवळ असल्यास तो करार रद्द करता येत नाही. म्हणूनच विक्रीपूर्व तपासणी आणि 'वाहनास अपघात झाला होता काय' हा लेखी प्रश्न या दोन्ही गोष्टींना कायदेशीर महत्त्व आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे सांगाडा बदलल्याचे आढळल्यास तो बदल नोंदणी प्राधिकरणाच्या नोंदीत आहे काय, हे पाहणे आवश्यक ठरते. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व नमुना ३० भरले जातात. कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरण कळवणे बंधनकारक आहे.

== दुरुस्ती व निर्णय ==

पोलादी सांगाड्यातील किरकोळ बाक योग्य साच्यावर सरळ करता येतो. मात्र एकदा वाकून सरळ केलेल्या धातूची ताकद पूर्ववत राहीलच असे नाही. उघड्या ज्योतीने तापवून केलेल्या दुरुस्तीत धातूचे गुणधर्म बदलतात. सुरकुती पडलेली नळी, शीर्षनळीच्या सांध्यावरील चीर आणि वाकलेला ॲल्युमिनिअमचा सांगाडा यांबाबत संपूर्ण सांगाडा बदलणे हाच सुरक्षित पर्याय मानला जातो. असा सांगाडा बदलताना इंजिनासह जवळजवळ संपूर्ण वाहन सुटे करावे लागते. त्यामुळे सामान्य मोटारसायकलीच्या बाबतीत हा खर्च तिच्या बाजारभावाच्या तुलनेत परवडत नाही.

बदललेले मडगार्ड किंवा टाकीवरील पोचा हा किमतीच्या घासाघिशीचा विषय असतो, तर शीर्षनळीजवळचा दोष हा खरेदी नाकारण्याचे पुरेसे कारण समजले जाते. टाकी उचलण्यास किंवा वाहन गॅरेजमध्ये नेण्यास विक्रेता तयार नसल्यास तपासणी अपूर्ण राहते, आणि अपूर्ण तपासणीवरून सांगाडा निर्दोष असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

== हेही पाहा ==

* मोटारसायकल
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* वाहन विमा
* प्रादेशिक परिवहन कार्यालय